हवाईयन आणि इतर भाषांतील नात्यांचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईयन शब्द इथे देवनागरीत लिहिताना एक पद्धत ठरवून पाळली आहे. लांब उच्चाराच्या आ, ए, ओ नंतर अवग्रह (ऽ) दिला आहे. इ आणि उ यांचं ऱ्हस्व-दीर्घ मराठीसारखंच, पण शब्दाच्या शेवटीही उच्चाराप्रमाणे. म्हणून ‘केइकि’ (मूल) असं लिहिलं आहे, ‘केइकी’ नाही. ’ ही खूण म्हणजे ओकिना. तिथे घसा क्षणभर बंद करून पुढचा स्वर नव्याने काढायचा. हवाईयन लिपीत ओकिना हे विरामचिन्ह नाही, चक्क एक व्यंजन आहे: पाच स्वर, आठ व्यंजनं आणि त्या आठांतलं हे एक.

मामा, काका, आत्या, मावशी यांना हवाईयनमध्ये काय म्हणतात?

चौघांसाठी चार शब्द नाहीत. आईवडिलांच्या पिढीतलं नात्यातलं कुणीही माणूस म्हणजे माकुआ. बाई असेल तर माकुआहिने, पुरुष असेल तर माकुआ काऽने. सख्खी आई माकुआहिने, मावशी माकुआहिने, आत्याही माकुआहिने आणि वडिलांची चुलत बहीणसुद्धा माकुआहिनेच. आईकडचं की वडिलांकडचं, हा मराठीत सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न इथे विचारलाच जात नाही.

नेमकं नातं सांगायची वेळ आली तर ते फोड करून सांगतात:

मामा – के काइकुनाऽने ओ को’उ माकुआहिने (माझ्या आईचा भाऊ)
आत्या – के काइकुआहिने ओ को’उ माकुआ काऽने (माझ्या वडिलांची बहीण)
वडिलांचा थोरला भाऊ – के काइकुआ’आना ओ को’उ माकुआ काऽने
धाकटी मावशी – के काइकाइना ओ को’उ माकुआहिने

रोजच्या बोलण्यात इंग्रजीवरून आलेले ’आनाकेऽ (आंटी) आणि ’आनाकाला (अंकल) हे शब्द रुळले आहेत. पण हे दोन्ही शब्दही बाजू सांगत नाहीत.

भाऊ आणि बहीण यांचे शब्द पाठ केले तरी चुकतात. का?

कारण ‘भाऊ’ या शब्दाला एकच प्रतिशब्द शोधला जातो, आणि तो हवाईयनमध्ये नाही. भावंडाचा शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: नातं कुणाकडून सांगितलं जातंय (पुरुषाकडून की बाईकडून), ज्याच्याबद्दल बोलतोय तो पुरुष की बाई, आणि दोघं एकाच लिंगाचे असतील तर थोरलं कोण.

दोघं एकाच लिंगाचे असतील, म्हणजे भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण, तर थोरल्याला काइकुआ’आना आणि धाकट्याला काइकाइना. या दोन शब्दांत पुरुष की बाई हे येत नाही, ते बोलणाऱ्यावरून कळतं. रामाने काइकाइना म्हटलं तर तो लक्ष्मण, सीतेने म्हटलं तर ती ऊर्मिला.

लिंग वेगळं असेल तर वय सुटतं. पुरुषाची बहीण, थोरली असो की धाकटी, काइकुआहिने. बाईचा भाऊ काइकुनाऽने. म्हणजे भाऊबीजेला ओवाळणारी ओवाळून घेणाऱ्याला काइकुनाऽने म्हणेल, आणि तो तिला काइकुआहिने.

शिकणाऱ्यांची ठरलेली चूक अशी: बाई आपल्या बहिणीला काइकुआहिने म्हणते. शब्दकोशात ‘बहीण’ शोधल्यावर पहिला हाच शब्द दिसतो म्हणून. पण हा शब्द पुरुषाच्या तोंडचा आहे. बाईने ‘माझी काइकुआहिने’ म्हटलं की ऐकणारा थबकतो.

धाकट्या भावंडासाठी पोऽकि’इ असाही एक शब्द आहे. त्यात लिंगाची भानगड नाही आणि माया आहे.

चुलत, मावस, आते, मामे भावंडांना वेगळे शब्द नाहीत का?

नाहीत. वरचेच चार शब्द चालतात. ‘सोबत जन्मलेला’ अशा अर्थाचा होआहाऽनाउ हा शब्द चुलत-मावस भावंडांसाठी वापरतात. चर्चमधल्या सहसभासदांनाही तोच शब्द लागला.

चुलत-मावस भावंडांत थोरलं-धाकटं कसं ठरतं हा भाग मात्र नीट समजून घ्यावा लागतो. इथे स्वतःचं वय पाहत नाहीत, आईवडिलांचा क्रम पाहतात. समजा लानि चाळीस वर्षांची आहे. तिच्या आईच्या थोरल्या बहिणीला उशिरा मुलगी झाली, ती वीस वर्षांची. परंपरेप्रमाणे ही वीस वर्षांची मुलगी लानिची काइकुआ’आना, कारण ती थोरल्या शाखेतली. चाळिशीची लानि तिची काइकाइना. जुन्या हवाईत पदं, मानपान आणि वंशावळीतलं स्थान शाखेवरून ठरायचं, त्यामुळे हा फरक नुसता बोलण्यापुरता नव्हता.

मराठीत याच्या जवळचं एकच उदाहरण सापडतं: पुतण्या काकापेक्षा वयाने मोठा निघाला तरी तो पुतण्याच राहतो. पण ते पिढीमुळे. एकाच पिढीतल्या दोघांत आपण जन्मतारीख बघतो आणि ‘दादा’ ठरवतो.

बोलणाऱ्याच्या लिंगावरून शब्द बदलणं मराठी माणसाला विचित्र वाटतं. याची सवय कशी करावी?

विचित्र वाटायचं कारण नाही, मराठीत ते रोज चालतं. फक्त जन्माच्या नात्यांत नाही, लग्नाच्या नात्यांत. नणंद फक्त बाईला असते. जाऊ फक्त बाईला. साडू फक्त पुरुषाला, मेहुणीही पुरुषालाच. ‘माझी जाऊ’ असं पुरुष म्हणू शकत नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. तीच जाण भावंडांच्या शब्दांना लावायची.

सासरच्या नात्यांचं काय?

इथे हवाईयन व्यवस्था फार आटोपशीर आहे. सासू-सासरे माकुआहूनोऽआइ, पुढे वाहिने किंवा काऽने लावून सासू की सासरा ते ठरवायचं. सून आणि जावई दोन्ही हूनोऽना. सून हूनोऽना वाहिने, जावई हूनोऽना काऽने.

काइको’एके हा शब्द समान लिंगाच्या मेहुणेपणाचा. पुरुषाच्या बाजूने बायकोचा भाऊ काइको’एके आणि बहिणीचा नवराही काइको’एके. बाईच्या बाजूने नवऱ्याची बहीण काइको’एके, भावाची बायकोही काइको’एके. थोडक्यात, नणंद भावजयीला आणि भावजय नणंदेला एकाच शब्दाने हाक मारते. मराठी ओव्यांतली नणंद-भावजय या भाषेत रचायची तर पंचाईत होईल, कारण कोण कुणाला टोमणा मारतंय ते शब्दावरून कळणार नाही.

विरुद्ध लिंगाच्या बाबतीत वेगळा शब्दच नाही. बाईचा दीर तिचा काऽने आणि पुरुषाची मेहुणी त्याची वाहिने. हेच शब्द नवरा आणि बायको यांनाही आहेत. प्रसंगावरून अर्थ लावायचा असतो.

आणि आपल्याला जवळचा वाटेल असा एक शब्द: पुलुना. नवरा-नवरीच्या आईवडिलांचं आपसातलं नातं. व्याही आणि विहीण यांना इंग्रजीत शब्द सापडत नाही म्हणून मराठी माणूस अडतो. हवाईयनमध्ये तो तयार आहे, व्याही-विहीण दोघांना मिळून एकच.

आजी-आजोबा, पणजी-पणजोबा?

कुपुना. आजीला कुपुना वाहिने, आजोबांना कुपुना काऽने, दोन्ही बाजूंना सारखंच. आजोबांचे भाऊ, आजीच्या बहिणी, सगळे कुपुना, आणि पूर्वजही. घरात लाडाने तूतू.

त्यामागच्या पिढ्या आकड्यांनी मोजतात. पणजोबा कुपुना कुआकाहि, खापरपणजोबा कुपुना कुआलुआ, त्यांच्या मागचे कुपुना कुआकोलु. काहि, लुआ, कोलु म्हणजे एक, दोन, तीन. खालच्या दिशेलाही हेच: नातवंड मो’ओपुना, पतवंड मो’ओपुना कुआकाहि. मराठीत खापरपणजोबांच्या मागे गेलं की शब्द संपतात. इथे मोजत राहता येतं.

मो’ओपुनामध्ये भावंडांची नातवंडंही येतात.

कूपुना आणि कुपुना यांत फरक आहे की मुद्रणदोष?

फरक आहे. कुपुना एकवचन, कूपुना अनेकवचन. नात्यांच्या काही मोजक्या शब्दांत अनेकवचनाला एक स्वर लांबतो: माकुआ–माऽकुआ, वाहिने–वाऽहिने, काइकामाहिने (मुलगी)–काइकामाऽहिने. बाकी बहुतेक शब्द तसेच राहतात, आधी फक्त ‘नाऽ’ लागतो: नाऽ केइकि, मुलं.

दीर्घत्वाची ती आडवी रेघ, काहाकोऽ, गाळली तर काय होतं याचा नमुना: काऽने म्हणजे पुरुष, नवरा. काने म्हणजे गजकर्ण, त्वचेवरची बुरशी. हवाईतल्या स्वच्छतागृहांच्या दारांवर काऽने आणि वाऽहिने असं लिहिलेलं असतं आणि पुष्कळ ठिकाणी रेघा गाळलेल्या असतात. लोक आत जातात ते सवयीने.

‘माझं’ला को’उ आणि का’उ असे दोन शब्द का?

हवाईयन व्याकरणात मालकी दोन तऱ्हांची आहे. जे तुम्हाला आपोआप मिळालं, ज्यात तुमचा हात नाही, त्याला ओ-वर्ग: को’उ. जे तुम्ही मिळवलं, केलं, जन्माला घातलं, त्याला आ-वर्ग: का’उ. को’उ कि’इ म्हणजे ज्यात मी दिसतो ते माझं चित्र. का’उ कि’इ म्हणजे मी काढलेलं चित्र.

नात्यांना हे लावून बघा. आईवडील, आजी-आजोबा, भावंडं: को’उ. नवरा, बायको, मुलं, नातवंडं: का’उ. को’उ माकुआहिने, पण का’उ केइकि. दुसऱ्याचं विचारताना कोउ आणि काऽउ: ’ओ वाइ कोउ माकुआहिने? तुझी आई कोण?

मराठीभाषकांची इथे एक गफलत होते. आपण ‘माझा’, ‘माझी’ पुढच्या नामाचं लिंग बघून ठरवतो, तेव्हा को’उ-का’उ हीही लिंगाची जोडी समजली जाते. लिंगाचा इथे काही संबंध नाही. को’उ काइकुनाऽने आणि को’उ काइकुआ’आना, दोन्हीकडे को’उच.

’ओहाना म्हणजे नक्की कोण कोण?

’ओहाऽ म्हणजे कालोच्या, म्हणजे अळूच्या, मूळ कंदाला बाजूने फुटणारे कोंब. ते तोडून लावले की नवं रोप होतं. ’ओहाना (कुटुंब, गोतावळा) हा शब्द त्यावरून आला असं मेरी कावेना पुकुइ यांनी नोंदलं आहे. हवाईयन भाषेच्या कोशकारांत त्यांचं नाव पहिलं घेतात. ’ओहानात रक्ताचे, लग्नाचे आणि हाऽनाइचे (वाढवायला घेतलेले) सगळे येतात. चौकोनी कुटुंबाला हा शब्द लावला तर तो फार अरुंद होतो.

अळूचं नातं याहून खोल आहे. पुराणकथेतले वाऽकेआ आणि हो’ओहोऽकूकालानि यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे अळू उगवला; दुसरं मूल हाऽलोआ, माणसांचा पूर्वज, अशी कथा आहे. त्या हिशेबाने अळू हा माणसाचा थोरला भाऊ, आणि थोरला भाऊ धाकट्याला पोसतो.

हाऽनाइ म्हणजे दत्तक का?

‘दत्तक’ हा शब्द वापरला तर निम्मा अर्थ चुकतो. हाऽनाइ म्हणजे पोसणं, वाढवणं. आणि असं वाढवलेलं मूलही केइकि हाऽनाइ. आपल्याकडच्या शास्त्रोक्त दत्तकविधानात मुलाचं गोत्र आणि वंश बदलतो. हाऽनाइत जन्मदात्यांशी नातं तुटत नाही, लपवलंही जात नाही; मुलाला दोन्हीकडची वंशावळ माहीत असते. जुनी रीत अशी की हिआपो, म्हणजे पहिलं मूल, आजी-आजोबांचं: मुलगा असेल तर वडिलांच्या आईवडिलांकडे, मुलगी असेल तर आईच्या आईवडिलांकडे. मागून घ्यावं लागत नसे, त्यांचा हक्कच असे.

राजघराण्यात हे ठळक दिसतं. शेवटची राणी लिलि’उओकालानि १८३८ साली केओहोकाऽलोले आणि कापा’आकेआ यांच्या पोटी जन्मली आणि लगेच पाऽकी आणि कोऽनिआ यांच्याकडे हाऽनाइ गेली. त्यांची पोटची मुलगी पाउआहि, जन्म १८३१. लिलि’उओकालानिचा सख्खा भाऊ राजा कालाऽकाउआ (जन्म १८३६) दुसऱ्या घरात वाढला आणि धाकटा भाऊ लेलेइओहोकु तिसऱ्या. आता वरचे शब्द लावून पाहा. लिलि’उओकालानिसाठी पाउआहि काइकुआ’आना, कालाऽकाउआ काइकुनाऽने. पाउआहिसाठी ती काइकाइना. लेलेइओहोकु वयाने धाकटा असला तरी लिलि’उओकालानिच्या दृष्टीने तोही काइकुनाऽनेच, काइकाइना नाही. हे उदाहरण चटकन सुटलं तर भावंडांचे शब्द जमले असं समजा.

सावत्र नातं निराळं. माकुआ कोऽलेआ म्हणजे सावत्र आई किंवा बाप. कोऽलेआ हा खरं तर हिवाळ्यात येऊन उन्हाळ्यात अलास्काकडे परतणारा पक्षी.

हाऽनाइ आणि न्यायालयातून झालेलं दत्तक ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी गोष्ट आहे. वारसाहक्काचा प्रश्न असेल तर शब्दकोश मिटून वकील गाठावा.

‘पुनालुआ कुटुंब’ हा शब्द एंगल्सच्या संदर्भात वाचला होता. त्याचा हवाईशी काय संबंध?

शब्द हवाईयनच आहे. एका स्त्रीचे दोन नवरे किंवा एका पुरुषाच्या दोन बायका यांचं एकमेकांशी असलेलं नातं म्हणजे पुनालुआ. सवत म्हणा, पण पुरुषांनाही लागू.

लुइस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने जगभरच्या नात्यांच्या शब्दांचे तक्ते जमवून १८७१ साली छापले, आणि १८७७ साली त्यांवर कुटुंबाच्या उत्क्रांतीची एक शिडी रचली. हवाईयन माणूस काकालाही ‘बाप’च म्हणतो, तेव्हा कधीकाळी तिथे बाप कोण हे कळत नसणार, म्हणजे समूहविवाह असणार, असा त्याचा तर्क. एंगल्सने १८८४ मध्ये तो उचलला आणि त्याच वाटेने तो मार्क्सवादी लेखनात पसरला.

तर्क पायातच कच्चा आहे. नात्याचा शब्द वर्ग सांगतो, जन्माचा इतिहास सांगत नाही. सोसायटीतली मुलं वॉचमनपासून वडिलांच्या मित्रापर्यंत सगळ्यांना ‘काका’ म्हणतात. त्यावरून कुणी आजोबांना डझनभर मुलगे होते असा निष्कर्ष काढत नाही. हवाईयन मुलाला आपला बाप कोण हे पक्कं माहीत असे. गरज पडली तर पोनो’ई, म्हणजे ‘स्वतःचा’, हा शब्द जोडून ते सांगताही येई. मॉर्गनची शिडी मानववंशशास्त्राने केव्हाच सोडली. तक्ते मात्र कामाचे ठरले.

‘हवाईयन पद्धत’ असं पाठ्यपुस्तकांत असतं ते हेच का?

हो, पण ते लेबल आहे. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ मध्ये चुलत-मावस भावंडांना काय म्हणतात यावरून सहा प्रकार पाडले आणि त्यांना लोकसमूहांची नावं दिली. सगळी चुलत-मावस भावंडं म्हणजे भावंडंच, ती हवाईयन. सख्खी वेगळी आणि उरलेली सगळी एका शब्दात, ती एस्किमो. आजची इंग्रजी त्यात बसते. काका-मावशीची मुलं भावंडं पण आत्या-मामाची वेगळी, ती इरोक्वॉय. प्रत्येकाला वेगळा शब्द, ती सुदानी. उरलेल्या दोन, क्रो आणि ओमाहा, यांत पिढ्याही तिरप्या जातात.

मराठी कुठे? चुलत, मावस, आते, मामे हे चार वेगळे, म्हणून सुदानीसारखी. पण चौघांच्या मागे ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’ आहेच आणि हाक मारताना मागचाच शब्द उरतो. परीक्षेत काय लिहायचं असा प्रश्न असेल तर दोन्ही बाजू लिहाव्यात.

मर्डॉकच्या व्याख्येत थोरल्या-धाकट्या शाखेचा भेद कुठेच येत नाही. प्रत्यक्ष हवाईयन भाषेत तोच कणा आहे. म्हणून ‘हवाईयन पद्धत सगळ्यात सोपी’ हे वाक्य वाचलं की ते तक्ता बघून लिहिलंय हे ओळखावं.

माओरीचे शब्द हवाईयनसारखे वाटतात. योगायोग?

योगायोग नाही. दोन्ही पॉलिनेशियन भाषा आहेत आणि त्यांतले ध्वनी ठरलेल्या रीतीने बदलतात. माओरीच्या ‘त’ला हवाईयनमध्ये ‘क’, ‘क’ला ओकिना, ‘ङ’ला ‘न’, आणि ‘फ’सारख्या उच्चाराला ‘ह’. एवढ्या चार नियमांनी बरंच जमतं:

तुआकाना → (काइ)कुआ’आना
तेइना → (काइ)काइना
तुआहिने → (काइ)कुआहिने
तुङाऽने → (काइ)कुनाऽने
मोकोपुना → मो’ओपुना
तुपुना → कुपुना
मातुआ → माकुआ
फाऽङाइ → हाऽनाइ

सुरुवातीचं ‘काइ’ हवाईयनने जोडलं. अर्थही जवळपास तेच; तुआकाना म्हणजे समान लिंगाचं थोरलं भावंड, तेइना धाकटं.

सामोअन भाषेत थोरलं-धाकटं हा भेद शब्दात येत नाही: समान लिंगाचं भावंड उसो, बाईचा भाऊ तुआङाने, पुरुषाची बहीण तुआफाफिने. टोंगात आणखी एक वळण आहे. तिथे बापाच्या बहिणीला, मेहेकिताङाला, स्वतंत्र शब्द आहे आणि भावाच्या मुलांपेक्षा तिचा मान कितीतरी वरचा. बारशाला आत्याचा मान असतो हे माहीत असणाऱ्याला टोंगा जरा ओळखीचं वाटेल, फक्त तिथला मान आयुष्यभर पुरतो.

कोरियन मालिकांमधलं ‘ओप्पा’ हे असंच आहे का?

अर्धं. कोरियनमध्ये थोरल्या भावंडाचा शब्द बोलणाऱ्यावरून बदलतो: बाईचा थोरला भाऊ ओप्पा, पुरुषाचा ह्योंग, बाईची थोरली बहीण ऑन्नी, पुरुषाची नुना. धाकट्याला मात्र सगळ्यांसाठी दोंगसेंग. म्हणजे वय आधी, मग लिंग. हवाईयनमध्ये उलट: समान लिंग असेल तरच वय विचारायचं.

असा भेद युरोपातही आहे. बास्क भाषेत बाईची बहीण आहिस्पा, पुरुषाची बहीण आरेबा. पुरुषाचा भाऊ अनाइआ, बाईचा नेबा.

मराठीपेक्षा जास्त शब्द असलेली भाषा कोणती?

चिनी घ्या. वडिलांच्या भावाची मुलं थांग, बाकी सगळी ब्याओ. त्या प्रत्येकात थोरला, धाकटा, थोरली, धाकटी. एकूण आठ. वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावालाही वेगळे शब्द आहेत. काही मराठी घरांत ‘मोठे काका’ आणि ‘काका’ म्हणून भागवतात, तिथे चिनीत शब्दच निराळा.

स्वीडिश भाषा दुसऱ्या टोकाने बारकावा दाखवते: आईची आई मोरमोर, बापाची आई फारमोर, आईचा बाप मोरफार, बापाचा बाप फारफार. मराठी आत्या-मावशी वेगळ्या ठेवते आणि दोन्ही आज्यांना एकच शब्द देते.

मामाच्या मुलीला हवाईयनमध्ये बहीण म्हणतात, मग महाराष्ट्रात तिच्याशी लग्न कसं चालतं?

दोन वेगळ्या व्यवस्थांचा हा घोळ आहे. तमिळ, कन्नडसारख्या द्रविडी भाषांत काका-मावशीची मुलं भावंडं आणि आत्या-मामाची मुलं लग्नाजोगी, अशी उभी फाळणी असते. तमिळ ‘अत्तै’ हा शब्द आत्या, मामी आणि सासू या तिघींना लागतो. महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर बसतो, हे इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास मांडताना दाखवून दिलं. अनेक मराठी जातींत मामेबहिणीशी लग्न चालतं, आणि जुन्या घरांतली सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणायची ते याच धाग्याने. म्हणजे मराठीत ‘मामेबहीण’ या शब्दातली ‘बहीण’ उत्तरेकडची, रिवाज दक्षिणेकडचा.

जुनी हवाईयन कागदपत्रं किंवा वर्तमानपत्रं वाचून वंशावळ काढायची आहे. कुठे फसायला होतं?

हवाईयन भाषेतली वर्तमानपत्रं १८३४ पासून १९४८ पर्यंत निघत होती. त्यांतल्या मृत्युलेखांत नातेवाइकांच्या याद्या असतात आणि सगळे अपघात तिथेच होतात. मूळ शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा उतरवा. शेजारी तो कुणाच्या तोंडचा आहे, पुरुष की बाई, ते लिहा. ते कळलं नाही तर काइकाइना भाऊ की बहीण हे ठरणार नाही. मग फक्त पिढी मांडा: कुपुना वर दोन, माकुआ वर एक, काइ-ने सुरू होणारी भावंडं बरोबरीची, केइकि खाली एक. काइकामाहिने आणि काइको’एके हे या ‘काइ’ नियमाचे अपवाद, त्यांना हात लावण्याआधी थांबा.

एवढं झाल्यावरच सख्खं-चुलत याचा पुरावा शोधायचा: पोनो’ई हा शब्द, जन्मनोंद, जमिनीचे दावे. माकुआहिने दिसलं की ‘आई’ आणि केइकि दिसलं की ‘मुलगा’ लिहून मोकळं झालं, तर एका माणसाला तीन आया होतात आणि पुतण्याचा मुलगा होऊन बसतो. एकाच व्यक्तीच्या खरोखर दोन आया निघाल्या तर हाऽनाइची शक्यता तपासा.

आडनावावर भिस्त ठेवू नका. १८६० च्या कायद्याने वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावायची सक्ती केली. त्याआधी बहुतेकांना एकच नाव असे, आणि कायद्यानंतरही दोन सख्खे भाऊ दोन आडनावांनी दिसू शकतात.

हवाईत अनोळखी मोठ्या माणसाला काय म्हणावं?

‘अंकल’ आणि ‘आंटी’. इथे आपला मराठी शिरस्ता तंतोतंत चालतो. कॅलाबॅश कझिन असा तिथल्या इंग्रजीत शब्द आहे: रक्ताचं नातं नाही, पण एका वाडग्यातलं पोइ (अळूच्या कंदाचा लगदा) खाऊन वाढलेला. आणि ‘कूपुना’ हा शब्द आता तिथल्या इंग्रजीतही ज्येष्ठ नागरिक या अर्थाने सरकारी पत्रकांवर दिसतो. परक्या माणसाने थेट ‘तूतू’ म्हणू नये, ती घरची हाक आहे.

घरात हे शब्द बोलणारे अजून आहेत का?

आहेत. १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या आणि दोन पिढ्यांत घरातली भाषा तुटली. फक्त नि’इहाउ बेटावर ती अखंड राहिली, आणि तिथे अजून ‘क’च्या जागी ‘त’ ऐकू येतो. १९७८ साली हवाईयन ही हवाई राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये पूनाना लेओ या संस्थेची हवाईयन माध्यमाची पहिली बालशाळा निघाली, आणि आता त्या शाळांतून शिकलेले लोक आपल्या मुलांशी हवाईयन बोलतात.

कोशात शब्द सापडत नाही. काय चुकतं?

बहुधा ओकिना. ती उलट्या स्वल्पविरामासारखी दिसते, पण युनिकोडमध्ये तिचं स्वतःचं स्थान आहे: यू+०२बीबी. कीबोर्डवरचं साधं अवतरणचिन्ह टाकलं तर संगणकाच्या लेखी शब्द बदलतो. मोबाइलमध्ये हवाईयन कीबोर्ड जोडून घ्या. त्यात ओकिना मिळते आणि स्वर दाबून धरला की काहाकोऽ येतो. तेही जमत नसेल तर उलुकाउ या हवाईयन डिजिटल ग्रंथालयाच्या कोशात दोन्ही चिन्हं गाळून शोधा, आणि जे चार-पाच शब्द समोर येतील त्यांतला चिन्हांसकट कोणता हवा ते अर्थ वाचून ठरवा.